बहिणीचा गोल
स्पिरिटचा वास आला की मला ती दुपार आठवते. माझ्या मुलाचा डोक्याचा आजार घराण्यातून येतो का, हे शोधायला अकोल्याच्या डॉक्टरीणबाई हिवरखेडला आमच्या घरी आल्या होत्या. स्पिरिट लावून आमचं रक्त घेतल्यावर त्यांनी कागदावर नातेवाइकांचे आकार काढले, बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन. ज्याला हा आजार, त्याचा आकार बाई काळ्या शाईने भरणार होत्या. सासू म्हणाली, "आमच्यात कोनी नाई. इच्या माहेरचं विचारा, रगत तिकडचंच असन." माझी मोठी बहीणही मुलासारखीच भिंतीशी बोलायची. मी खाली बघून म्हणाले, "आमच्यातबी कोनी नाई जी." बाईंनी बहिणीचा गोल कोराच ठेवला. आता सासू नाही. खरं सांगायला कोणाची भीती उरली नाही, पण विचारायलाही कोणी येत नाही.