मायची झडती

कापूस काट्यावर चढायच्या आधी मालकीण आमची झडती घ्यायची. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रांग लागायची. एकेकीच्या ब्लाउजात हात. बाहेरगावच्या बाया चोरट्या, असं तिचं म्हणणं.

आम्ही सातपुड्यापल्याडचे. डोंगरातलं पीक दिवाळीलाच संपायचं. इकडे मोताळ्याच्या बाजूला बीटी कपाशी आली, बोंडं एकदम फुटू लागली, गावचे हात पुरेनात. म्हणून आम्ही. शेतातच पाल ठोकायचो. भाकर अन् मिरचीचा ठेचा.

त्या संध्याकाळी मालकिणीचा हात मायच्या छातीवर थांबला.

"काय लपोलं वं? गोटा?"

कापसात गोटा सरकवला की वजन वाढतं. तिला तेच वाटलं.

"गोटा नाही, बाई. आंगातलंच हाय."

"दाखव मंग."

मायनं बटणं काढली. काट्यापाशी मालक होता, गाडीवान होता. कोणी तोंड फिरवलं नाही. गाडीवान हसला, "मालक, बीटीले आता गोटेबी लागून राह्यले!"

मालकिणीनं हात पदराला पुसला. बस.

पुढच्याच आठवड्यात गावच्या शाळेत बायांच्या छातीची तपासणी होती. दवंडी पालापर्यंत ऐकू आली. माय धुतलेलं लुगडं नेसून गेली. मी सोबत. दारात मालकीणच पाहुण्यांची सरबराई करत उभी. नर्सला म्हणाली, "ह्या वेचणाऱ्या आहेत. आपल्या गावच्या नाहीत."

आम्ही दारातूनच परतलो. गाठ कुठं आहे, हे त्या गावात तिच्याच हाताला ठाऊक होतं. तरी.

होळीला घरी परतलो तोवर गाठ फुटून वाहत होती. पुढची होळी मायनं पाहिली नाही.

पुढच्या हंगामात मी मावशीसोबत त्याच शेतात आले. मुद्दाम. रांगेत माझी पाळी आली. हात पुढं आला. मी मनगट धरलं.

"याच हातानं माह्या मायची गाठ चाचपली तू. आता मले लावून पाह्य."

"सोड वं!" मालक ओरडला.

सोडलं नाही. दुसऱ्या हातानं दिवसभराचा कापूस तिच्या पायांवर ओतला. माझ्यामागं मावशीनं ओतला. मग रांगच मोडली. त्या दिवसाची मजुरी बुडाली. बुडू दे.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. नर्सिंग केलं. नोकरी याच भागात मागून घेतली.

गेल्या हंगामात तपासणीला मालकीण आली. थेट पुढं घुसली. "पोरी, मले लवकर जायचं हाय."

"रांग मागून आहे."

ती वेचणाऱ्यांच्या मागं उभी राहिली. उन्हात. तिची पाळी आली तेव्हा मी पडदा ओढला, नीट तपासलं. दया नव्हती त्यात. पडदा कसा ओढतात, ते तिनं पाहावं म्हणून ओढला. बाहेर पडताना तिनं मला ओळखलं. मान खाली गेली. मी तिला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आता त्या शेतात झडती होत नाही. वेचणीच्या दिवसांत तपासणी पालांपासून सुरू होते. गाव नंतर.