डुकरांच्या तापाची कुंडली

लग्नात एखादी आत्या भेटते आणि आपल्या आजोबांच्या मावसभावापर्यंत नातं जुळवून देते. आमचे सर तसं डुकरांच्या तापाच्या विषाणूंचं नातं जुळवायचे. "कळव्याचा हा विषाणू गेल्या साथीतल्याचा चुलतभाऊ निघाला बरं का," असं भर जेवणाच्या सुट्टीत सांगायचे, आणि आम्ही पोळीचा घास हातात धरून बसायचो. प्रयोगशाळेत सगळे त्यांना डुक्करसर म्हणत, अगदी तोंडावर. डोंबिवलीच्या घरी मात्र आईला त्यांनी शेवटपर्यंत 'जनावरांचा डॉक्टर' एवढंच सांगितलं.

साथ आली की लोक आधी दोषी शोधतात. सर म्हणायचे, "आधी कुंडली काढू, मग बोट दाखवू." विषाणू पसरताना थोडा थोडा बदलतो, त्या बदलांवरून कुठला कुणाच्या जवळचा, हे कळतं. मी त्यांची टेक्निशियन. नमुन्यांची पेटी सांभाळायची आणि निघताना दोघांचे गमबूट औषधाच्या पाण्याने धुवायचे, हे माझं काम.

एका वर्षी कोलशेतच्या सुमनमावशींची डुकरं पटापट मेली. हॉटेलातलं उरलंसुरलं खायला घालते, हिनेच रोग आणला, म्हणत वस्तीने त्यांचं खोपटं हटवायला अर्ज केला. सरांनी कुंडली काढली. जवळच्या कळव्याशी नातं लांबचं निघालं, विठ्ठलवाडीशी अगदी सख्खं. मावशींचा विठ्ठलवाडीशी काडीचा संबंध नव्हता. डुकरं मरायच्या थोडं आधी तपासणीसाठी एकाच दिवशी दोन्हीकडे गेलो होतो ते आम्ही दोघं, आधी विठ्ठलवाडी, मग कोलशेत.

विठ्ठलवाडीत त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी बूट फडक्याने पुसले आणि धुतले म्हणून सांगितलं. कुंडली बघून हे मी सरांपाशी कबूल केलं. सरांनी ऐकून घेतलं आणि मला घेऊन तडक कोलशेत गाठलं.

सगळ्या वस्तीसमोर ते मावशींना म्हणाले, "रोग तुम्ही नाही आणलात. माझ्या बुटांवरून आला. चूक माझी."

"पोरांसारखी होती हो डॉक्टर," मावशी एवढंच म्हणाल्या.

अर्ज मागे घेतला गेला. सरांची चौकशी झाली, बढती हुकली. माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, बूट माझेच होते ना?"

गेल्या वर्षी सर गेले. मावशी त्याआधीच गेल्या होत्या. मी अजून प्रत्येक ठिकाणाहून निघताना बूट दोनदा धुते, आणि नव्या मुलींना वाटतं, मॅडम जरा विक्षिप्त आहेत. सरांची फार आठवण येते. चारचौघांत त्यांनी एका दमात म्हटलं, ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली. ते बूट मी धुतले नव्हते.