दुहेरी कापड

मास्तर कोट शिवतात. त्यांना एचआयव्ही असल्याचं कळून बरीच वर्षं झाली. गोळी चुकत नाही, विषाणू आता चाचणीत सापडत नाही. दुकानात हे फक्त बायकोला आणि मेहुण्याला ठाऊक. मेहुण्याने सुरुवातीला मास्तरांचा पेला वेगळा ठेवला होता. बायकोने त्याच पेल्यातून आपल्या या भावाला चहा दिला. विषय मिटला.

अडचण दंडांची होती. आजार उशिरा कळला, तोवर अंगावरचं मांस झडलं होतं. ते पुरतं भरून आलंच नाही. कोटाचं कापड दुहेरी घालून एकदम कापतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. मास्तरांना दुहेरी जाड कापडात कात्री रेटेना, म्हणून ते गुपचूप एकेरी कापू लागले. कोटाची डावी बाजू उजवीशी फटकून वागू लागली.

"दाजी, कटिंग मी बघतो. तुम्ही गिऱ्हाइकांची मापं घ्या," मेहुणा म्हणाला.

कात्री गेली की मास्तरकी नावापुरती, हे दोघांनाही कळत होतं.

रुग्णालयातल्या व्यायामाच्या बाईंनी रोज ओढायला रबराचा पट्टा दिला. मास्तरांना तो बेढब वाटला. त्यांनी पायजम्याच्या इलॅस्टिकचा नवा शिवला, टोकांना मुठीही लावल्या. महिनाभर नेमाने ओढला. दंड होते तसेच.

बाईंनी तो ताणून पाहिला. "शिलाई छान आहे. याने पायजमा कमरेवर राहील, दंड नाही भरायचे."

मास्तर रुसले. व्यायाम बंद.

"अहो, रुसायचं तर पट्टा ओढत रुसा," बायको म्हणाली. "नाहीतर कात्री देऊन टाका माझ्या भावाला. आजच."

त्यांनी रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. रोज दुकान उघडण्याआधी ओढायचे, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून. मध्ये तापाने पडले. उठल्यावर बाईंच्या सांगण्यावरून थोड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"दाजी, गज निघेल हां," मेहुणा म्हणायचा.

थंडीच्या तोंडावर जाड लोकरीचा कोट आला. मास्तरांनी कापड दुहेरी घातलं. कोटाच्या पाठीचा भाग निम्मा कापून होतो तोच हात भरून आला. मेहुण्याने कात्रीसाठी हात पुढे केला.

"थांब जरा."

मास्तरांनी कात्री तिथेच ठेवून खांदे सैल सोडले, दम घेतला आणि काखेच्या वळणापर्यंत कापत गेले. मेहुण्याने दोन्ही थर उचलून कडा निरखल्या. खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही.

"काजं मशीनवर की हाताने?" त्याने विचारलं.

"हाताने," मास्तर म्हणाले. "तुझ्या."