मुलगा नव्हे, मुंबई बघायला

मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी घरात सगळ्यांना ऐकवलं, "आमी मुंबय बघूक जातंव. न्हवरो बघूक नाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. मालवणजवळच्या आमच्या खेड्यातले शाळामास्तर आणि हट्टाच्या बाबतीत तालुक्यात पहिले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. लालबागला राहणाऱ्या माझ्या आतेनं माझ्यासाठी स्थळ काढलं होतं. मुलाचं नाव दत्ताराम, गिरगावात छापखान्यात कंपोझिटर, फणसवाडीत एक खोली. पत्रिका जुळली, घराणं पटलं, पण अण्णांचं घोडं भलतीकडेच अडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही तोवर मुलगी मुंबईत द्यायची नाही! उद्या दिल्लीनं मुंबई वेगळी काढली तर लेक परराज्यात जाईल, हे त्यांचं म्हणणं. इकडे गावातल्याच एका बड्या घरून मला मागणी आली होती, आणि मुंबईहून परतल्यावर अण्णा तिथे होकार कळवणार होते. ते घर मला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या सुनांनी विहीर आणि माजघर यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. 

दिवाळीनंतर समुद्र शांत असतो म्हणून बोटीनंच गेलो. मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि आपण पडावातून जाऊन तिच्यावर चढायचं, म्हणजे खालून कुणी ढकलायचं आणि वरून कुणी ओढायचं. डेकवर सतरंजी आधी पसरेल त्याची जागा. अण्णांना बोट लागली आणि त्यांनी सगळा दोष बोटीवरच्या चहाला दिला. सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरलो. तुम्हाला आज जायचं असेल तर ती बोट आता नाही, पण भाऊच्या धक्क्याहून पलीकडच्या किनाऱ्याला लाँच मिळते. हौस म्हणून एकदा जाच. मुंबईकडे पाठ करून बसू नका मात्र, परतताना ती पाण्यातून वर येताना बघायची असते.

आते धक्क्यावर उभीच होती. "काय गो, ओकलंस काय?" हा तिचा पहिला प्रश्न. लालबागच्या तिच्या चाळीत पाहुणा एका घराचा नसायचा. आंघोळ आतेकडे, न्याहारी शेजारी, दुपारचं जेवण समोरच्या बिऱ्हाडी. अण्णांनी प्रत्येक घरी बांगडा खाल्ला आणि प्रत्येक घरी तो बर्फातला आहे हे सांगितलं. कुणी रागावलं नाही. मालवणहून आलेला माणूस हे बोलणारच, असं सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मुंबई दाखवायला कोण येणार, तर दत्ताराम! आतेनं साळसूदपणे सांगितलं, "त्याका रजा आसा, आनी तुमका वाट खंय ठावक?" अण्णांनी टोपी चढवली, कारण वाट खरंच ठाऊक नव्हती. ट्रामनं आधी राणीची बाग. (बुधवारी बंद असते, सांभाळा.) तिथे अण्णा आणि दत्ताराम पुढे, मी आणि आते मागे. मी वाघापेक्षा दत्तारामच्या पाठीकडे जास्त पाहिलं, आता लपवायचं काय! मग गिरगाव. एका उपाहारगृहात साबुदाणावडा आणि पीयूष. पीयूष मी आयुष्यात पहिल्यांदा प्यायले आणि दुसरा पेला मागितला. अण्णांनी डोळे वटारले.

ऊन चढलं तसं दत्ताराम म्हणाला, "मास्तर, खोली जवळच आहे. घोटभर चहा घेऊन जाऊ."

फणसवाडीतली खोली एवढीशी, पण फरशी स्वच्छ. आता पंचाईत अशी की अण्णांनी आतेला आधीच बजावलं होतं, पोरीच्या हातून कुणाला चहा द्यायचा नाही, नाहीतर बघण्याचा कार्यक्रम झाला असं लोक म्हणतील. आते तर पाय दुखतात म्हणून बसूनच राहिली. मग चहा केला दत्तारामनं. कपबशा ताटात मांडून, मान खाली घालून तो आला. आधी अण्णांसमोर, मग आतेसमोर, मग माझ्यासमोर. बशीत चहा हिंदकळला. मी त्याला नीट पाहून घेतलं. बोटं शाईनं काळी, कान लालबुंद.

दारातून शेजारच्या काकू डोकावल्या. "काय रे दत्ता, आज तुला बघायला आलेत वाटतं?"

आते पदरात तोंड घालून हसली. सवयीनं अण्णा विचारून बसले, "शिक्षण किती?" आणि आपण काय केलं हे लक्षात येताच त्यांनी गरम चहा एका दमात संपवला. संध्याकाळी चौपाटीवर त्यांनी तो राग काढला. "समुद्र बघूक समुद्रातसून इलंव आमी?" भेळ मात्र त्यांनीच संपवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादरला शिवाजी पार्कवर सभा होती. चाळच्या चाळ निघाली, आम्हीही. एवढी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. कडेवर मुलं घेतलेल्या बायका, गिरणीतून थेट आलेले, केसांत कापूस अडकलेले पुरुष. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." असं कुणी म्हणायचा अवकाश, आमचे अण्णा सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत, "झालाच पाहिजे!" त्यांच्या खांद्याशी उभा दत्तारामही तेच ओरडत होता. मला रडू आलं. एकच गोष्ट मागणारी ही दोन माणसं, आणि तिच्यापायीच माझं लग्न अडलेलं.

परत निघायच्या सकाळी अण्णांचा आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा. धक्क्यावर सामान ठेवून दत्ताराम त्यांच्यासमोर उभा राहिला. "मास्तर, राज्य होईस्तोवर मी थांबेन. तोवर हिला दुसरीकडे देऊ नका, एवढंच मागणं आहे."

अण्णांनी तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, नाही. शेवटी वैतागून त्यांनी माझ्याकडे हात केला, तू सांग त्याला. त्यांचा नकार मला पाठ असणार, अशी त्यांची खात्री. मला तो पाठ होताच.

"थांबू नका," मी म्हटलं. "राज्य होवो न होवो, मी येणार."

आतेच्या हातातली पिशवी खाली पडली. अण्णा सामान उचलून बोटीकडे चालू लागले.

त्या परतीच्या बोटीइतका लांब प्रवास मी पुन्हा केला नाही. अण्णांकडे आवाज नव्हता आणि माझ्याकडे धीर. घरी मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या. मी रोज कानोसा घ्यायची, घसा सुटला का, आणि सुटू नये असंही वाटायचं. आवाज फुटला तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाले, "तयारीक लाग. चेडवान शबुद दिल्यान हा, तो मोडूक येवचो नाय."

मुंबई पुढे जन्मभर पाहिली. ट्राम गेली, गिरण्या गेल्या, पीयूषही पूर्वीइतकं दाट नसतं. तेव्हाची ठिकाणं विचाराल तर निम्मी विसरले. धक्क्यावर माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य तेवढं लख्ख आठवतं, कारण तोपर्यंत माझ्याबद्दलचं काहीच मी स्वतः ठरवलं नव्हतं. त्या प्रवासानंतरच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसकट. गिरगावात घरोघरी तोरणं लागली. मी माघातच येऊन, फणसवाडीत संसार मांडून त्या राज्याची वाट बघत होते.