नवऱ्यांना दोन सुया

माझ्या आत्याला हसू लपवता येत नसे आणि राग तर त्याहून नाही. मोतीबिंदू मात्र तिने दोन वर्षं बेमालूम लपवला. मत्स्यबीज केंद्रात जोड्या लावायचं काम तिचं. माशाच्या कल्ल्यामागच्या परावरून ती बोट फिरवायची. खरखरीत लागला की नर, गुळगुळीत लागला की मादी. "दाढी वाढलेली हाताला कळते की नाही? मग डोळे कशाला हवेत?"

एके दिवशी मालक समजून तिने हवेच्या पंपाला वाकून नमस्कार केला आणि बिंग फुटलं.

"बाई, आता घरी आराम करा," मालक म्हणाले. जोड्या लावायचं काम त्यांनी जावयाला दिलं. जावई नुकताच पदवी घेऊन आलेला, खिशात तीन पेनं. आत्या घरी बसली आणि आमचं जिणं हराम झालं. भाजीत मीठ कमी, चादरीला सुरकुती, माझा फोन मोठ्याने वाजतो. एकदा मात्र हळूच म्हणाली, "अशीच घरी राहिले तर मी मरेन गं." तेव्हा ती थट्टा करत नव्हती.

जावईबापूंना माशांना हात लावायची किळस. त्यांनी वरूनच पाहून ठरवलं, मोठा तो नवरा, लहान ती बायको. माशांत उलटं असतं, मादीच थोराड. त्यात अंडी यावीत म्हणून मादीला दोन सुया टोचायच्या असतात, एक दुपारी, दुसरी सहा तासांनी. नराला शेवटी एकच. जावईबापूंनी हातमोजे चढवून बिचाऱ्या नरांनाच दोन-दोन टोचल्या. सकाळी टाकीत एक अंडं नाही.

मालक स्वतः आत्याला न्यायला आले. मीही गेले. तिने टाकीत हात घातला, दोन सुया टोचलेले चार मासे चाचपले आणि पोट धरून हसत सुटली. "अहो जावईबापू, तुम्ही नवऱ्यांना डोहाळे लावलेत की!"

"बाई, खरं सांगा, दिसतं का काही?" मालकांनी विचारलं.

"नाही दिसत."

मालक शेजारच्या टाकीपाशी गेले. मग म्हणाले, "दुसऱ्या टाकीतल्या जोड्या लावा. बीज चांगलं निघालं तर राहा."

आत्याने जोड्या लावल्या, सुया जावईबापूंनी टोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी अंड्यांनी भरली. पण इथे आत्याचं बोट हरलं. जिवंत अंडं काचेसारखं, मेलेलं पांढरं, आणि हाताला दोन्ही सारखीच. मालक शेजारीच उभे.

"जावईबापू, पांढरी किती?"

"एकही नाही! सगळी जिवंत!" ते उत्साहाने म्हणाले. त्यांना ती राहायला हवी होती, हे मलाही दिसलं.

"खोटं. असं आजवर कधी झालेलं नाही. शंभर काढा आणि मोजा."

जावईबापू बशीत अंडी घेऊन गुडघ्यांवर बसले, बाह्या भिजवत. मोजायला बराच वेळ लागला.

"बारा," ते खाली मान घालून म्हणाले.

"बारा चालतात," आत्या म्हणाली. "खोटं बोललात तर मेलेली आतच राहतील आणि सगळी टाकी नासेल."

मालकांनी आधी बशीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "उद्यापासून सकाळी सहाला बाईंना घरून घेऊन यायचं," ते जावयाला म्हणाले, "आणि त्या विचारतील ते खरं सांगायचं."