ब्रेकबाईंचा उजवा पाय

आमच्या भागात गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तुला शिकवलं कुणी; निम्मे लोक सांगतील, ब्रेकबाईंनी. ब्रेकबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, मी त्यांना ताई म्हणते. हे नाव शिकाऊ मुलांनीच पाडलं, कारण क्लच, गिअर, आरसा हे शब्द त्यांच्या तोंडून जेमतेम निघायचे, पण "ब्रेक" मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एकच. पांढरी, ठिकठिकाणी पोचे आलेली, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवलेली. त्या ब्रेकवर ताईंचा उजवा पाय इतकी वर्षं राहिला, की कुणाच्या घरी खुर्चीवर बसलेल्या असल्या आणि समोरून कुणी धावत आलं, तरी तो आपोआप जमीन दाबायचा.

भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं तेव्हा गुपचूप पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्याच स्कूलमध्ये नाव घातलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. ताईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे.

तर नेमका त्याच उजव्या पायाचा खुबा झिजला. आधी नुसतं लंगडणं, मग जिना उतरताना कठड्याला लोंबकळणं, आणि वर "काही नाही, चप्पल चावतेय" अशा थापा. शेवटी खुबा बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं. वॉकर गेला, काठी गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता गाडी चालवायला हरकत नाही, फक्त ब्रेक जोरात दाबता येतो ना, ते आधी उभ्या गाडीत बघून घ्या.

तिथेच घोडं पेंड खात होतं. ताई अंगणातल्या गाडीत रोज बसायच्या. बसायची तऱ्हाही आता नवी होती. अंग सहज सरकावं म्हणून सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरायची, पाठमोरं टेकायचं आणि दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. मी खिडकीबाहेर उभी राहून अवचित टाळी वाजवायची, की त्यांनी ब्रेक दाबायचा. त्या दाबायच्याही. मला तर काही खोट दिसत नव्हती, पण ताई मान हलवायच्या.

"उशीर होतोय."

"कुठे उशीर? टाळी वाजते न वाजते तोच दाबलात की तुम्ही."

"पाय आधी मला विचारतो गं, दाबू का म्हणून. मी हो म्हणते, मग तो दाबतो. खुबा निखळेल अशी भीती बसलीय त्याला. शिकवणाऱ्याचा पाय असा विचारत बसला तर एखाद्याचा जीव जाईल."

त्यात लेकाचा फोन. "आई, पुरे झालं आता, घरी बस, आराम कर." एरवी ताईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. या वेळी त्या नुसत्या "बघू" म्हणाल्या. घरी बसलेल्या ताई मी पाहिल्या होत्या. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या अनोळखी गाड्यांना "अरे, ब्रेक, ब्रेक" म्हणायच्या. त्यांना आयुष्यभर सगळे टरकून असायचे, आणि आता मला त्यांची कीव यायला लागली होती. ते मला मुळीच सोसत नव्हतं.

शेवटी ताईंनीच निकाल लावायचं ठरवलं. एकदा रस्त्यावर गाडी काढायची. पाय विचारतच राहिला, तर स्कूलची पाटी उतरवायची. सुटीची सकाळ होती, गोदामांमागचा रस्ता रिकामा होता. ताई स्टिअरिंगवर, भाऊजी शिकवणाऱ्याच्या जागी, मी मागे.

निघताना ताईंनी त्यांना बजावलं, "तुमच्या पायाशी ब्रेक आहे. मध्ये पाय घालायचा नाही. घातलात, तर माझा पाय काय करतो ते मला कधी कळणारच नाही."

भाऊजी "बरं" म्हणाले. ते लग्न झाल्यापासून "बरं"च म्हणत आलेत.

गाडी निघाली. वळणं, गिअर, सगळं बिनबोभाट. गोदामांच्या कडेने एक गादीवाला डोक्यावर भलीमोठी गादी घेऊन चालला होता. गादीच्या दोन्ही कडा कानांवरून खाली लोंबत होत्या, त्यामुळे त्याला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. आम्ही जवळ आलो आणि तो सरळ रस्त्यात उतरला.

गाडी गचकन थांबली. माझा पट्टा खांद्यात रुतला. गादीवाला बोनेटला जवळजवळ घासून पलीकडे निघून गेला. त्या बापड्याला काही पत्ताच नव्हता.

ताई आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग लाल झाल्या. "सांगितलं होतं ना तुम्हाला? मी अजून विचारच करत होते, तेवढ्यात तुम्ही ब्रेक दाबून मोकळे. एक सकाळभर विश्वास ठेवता आला नाही?" त्यांचा आवाज फुटला. त्यांनी इंजिन बंद केलं. "झालं. उद्या पाटी उतरवून घ्या."

मी पुढे वाकून भाऊजींकडे पाहिलं आणि मला हसू आवरेना. त्यांच्या चपला खाली मॅटवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, आणि ते स्वतः सीटवर, पट्टा लावून, जेवायला बसल्यासारखी मांडी घालून बसले होते.

"मी कुठून दाबणार?" ते म्हणाले. "पाय खाली असते तर दाबलाच असता. माझा काही भरवसा नाही, म्हणून फाटकातून निघाल्यापासून वर घेऊन बसलोय."

ताईंनी चपलांकडे पाहिलं, मांडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो अजून ब्रेक गच्च दाबून होता.

"अगं, ह्याने मला विचारलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. डोळे भरून आले होते आणि हसतही होत्या. मी तर सरळ रडायला लागले.

"दुखलं का?" भाऊजींनी विचारलं.

"कुणाला ठाऊक. लक्षच नव्हतं."

त्यांनी किल्ली फिरवली. आम्हाला वाटलं, आता घरी. भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले, "आता सोडू का मांडी? पायांना मुंग्या आल्यात."

"घरी गेल्यावर सोडा," ताई म्हणाल्या, आणि दोन्ही आरसे बघून त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला घातली.