टावरचे मामा

मारोतराव गुरुजी कुठेही जाताना चिवडा बरोबर घेऊन जात. खादाड म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. शहापूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडारा जिल्ह्याचा ज्ञानकोश करायला घेतला आणि कोशासाठी ज्या गावी जायचं त्या गावचं अन्न तोंडात घालायचं नाही, असं ठरवून टाकलं. ज्याचा चहा प्यालो त्याच्याबद्दल खरं लिहिता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सायकलच्या हँडलला एकीकडे पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि दुसरीकडे चिवड्याची पोटली लोंबकळत असायची. आसगावच्या एका देवळाबद्दल लिहायला गेले तेव्हा पुजाऱ्यानं प्रसादाचं खोबरं पुढे केलं. गुरुजींनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "लेख छापून झाल्यावर द्या." पुजारी असा भडकला की त्यानं देवळाची माहितीच दिली नाही. म्हणून कोशात त्या देवळाला दार आहे, कळस आहे, पण देव कोणता ते नाही.

हे मला इतकं ठाऊक असायचं कारण म्हणजे कोश छापायचं संकट माझ्याच डोक्यावर होतं. भंडाऱ्यात माझा लहानसा छापखाना. लग्नपत्रिका छापायच्या आणि दिवाळीनंतर मंडईची हँडबिलं. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणेरावळे जमतात, भर दुपारी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगतो; त्या महिन्याभरात माझं वर्षाचं भागतं. पण गुरुजींनी मला चौथीत शिकवलेलं, त्यांना नाही म्हणायची छाती नव्हती. १९७४ साली ते 'अ' घेऊन आले. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. 'ट' आला तेव्हा ती मला गणितात चुका काढून दाखवत होती.

उशीर व्हायचा तो गुरुजींच्या नियमांमुळे. स्तुती नको, निंदा नको. घडल्याचं सांगणारे दोन साक्षीदार हवेत आणि ते त्या माणसाच्या नात्यातले नकोत. नात्यातल्यानं लिहायचं नाही, हा तर सगळ्यात कडक. स्वतः गुरुजी शहापूरचे, म्हणून शहापूरचा लेख त्यांनी गोंदियाकडच्या एका सद्गृहस्थाला दिला. त्यानं शहापूर कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरबद्दल लिहून पाठवलं, धरणांसकट.

मी म्हणालो, "गुरुजी, हे आपलं शहापूर नाही."

"चूक हाय," गुरुजी म्हणाले, "पण निःपक्षपाती हाय." आणि लेख गेला.

अशा माणसापुढे १९८५ साली टीव्ही आला. महामार्गापासून आत एका माळावर लहानसं केंद्र उभं राहिलं. लोखंडी मनोरा, खाली एक खोली, खोलीत यंत्र, यंत्रापाशी एक माणूस. दिल्लीचा कार्यक्रम आला की तो आसपासच्या गावांत सोडायचा, एवढंच काम. लोक त्याला टावर म्हणत. जिल्ह्यात एवढी मोठी गोष्ट झाली, ती कोशात नको का? मी उत्साहानं 'टीव्ही केंद्र' असं शीर्षक जुळवूनही ठेवलं. गुरुजींनी ते पाहिलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला की लेख अडला, हे मला ठाऊक होतं.

"या केंद्रानं सोताचं काय दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दिल्लीचंच दाखवतात."

"मंग नोंद दिल्लीची. आपली कायले?"

पण जिल्ह्यात घडलेली गोष्ट गाळायलाही ते तयार होईनात. असा 'ट' अडला. त्याच्यामागे 'ठ', 'ड', 'ढ' रांगेत उभे. माझे छपाईचे खिळे जुळवलेल्या पानांत अडकून पडले आणि मंडईच्या हँडबिलांना अक्षरं पुरेनात. मी त्या टावरला मनापासून शिव्या घातल्या.

मग एके दिवशी गुरुजी छापखान्यात बसलेले असताना एकोडीच्या गिरजाबाई आल्या. डोक्यावर पदर, पायांना धानाच्या बांधावरचा चिखल. टावरच्या यंत्रापाशी बसणारा इश्वर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा टीव्हीत नोकरीला लागला, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. तेव्हापासून गाव टीव्ही पाहत होतं आणि इश्वर काही दिसत नव्हता. बातम्या सांगणारा दिसला, गाणारी बाई दिसली, गव्हावर बोलणारे शास्त्रज्ञ दिसले, इश्वर नाही. बाया नळावर विचारू लागल्या, "काहो, तुमचा पोरगा टीव्हीच्या मांगं बसते का?" लोक त्यांना थापाडी म्हणत होते.

"तुमच्या पुस्तकात माह्या पोराचं नाव टाका, गुरुजी," त्या म्हणाल्या. "छापलेलं तरी मानतीन."

गुरुजींना दया आली नाही असं नाही. पण दया हा त्यांच्या नियमांत बसणारा प्रकार नव्हता. ते समजावू लागले, "बाई, तळ्याचं पाणी पाटातून धानाच्या बांधीत येते. नोंद तळ्याची होते. पाटानं सोताचं काय केलं?"

गिरजाबाई उठल्या. "पाट फुटला का सगळ्या गावाले कळते, गुरुजी," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

भाऊबीजेच्या दिवशी एकोडीची मंडई होती. सरपंच केवळराम यांनी दंडारीच्या जोडीला म्हणून साकोलीहून टीव्ही भाड्यानं आणला. बांबूवर अँटेना बांधली, टीव्हीला झेंडूचा हार घातला. गिरजाबाईंनी गावाला सांगून ठेवलं होतं की आज दिवेलागणीला माझा इश्वर येणार. मुलाकडून तसं वचनच घेतलं होतं त्यांनी. तो बिचारा सांगून थकला होता की माय, मी यंत्रापाशी असतो, यंत्रात नसतो. "यंत्र तुह्याच हातात हाय ना? मंग मले काय सांगतं?" असं म्हणून मायनं त्याला गप्प केलं होतं.

ही आवई ऐकून गुरुजी मला घेऊन तिथे हजर. केंद्रानं स्वतःचं काही दाखवलंच तर ते डोळ्यांनी पाहायला हवं. त्यांना मानानं टीव्हीशेजारी खुर्ची दिली. त्यांनी चहा नाकारला, पान नाकारलं आणि मांडीवर पोटली सोडून चिवडा खात बसले.

पडद्यावर दिल्लीचा एक माणूस गव्हाच्या पेरणीबद्दल सांगत होता. समोर धान कापून आलेलं अख्खं गाव श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होतं, कारण त्याच्या मागून केव्हाही इश्वर येणार होता. दिवे लागले. आणि गव्हाची ओळ किती अंतरावर असावी, हे सांगता सांगता तो माणूस गेला. पडदा पांढरा झाला, त्यावर मुंग्या धावू लागल्या, खरखर सुरू झाली.

माणसं उठून उभी राहिली. मग कोणी तरी ओरडलं, "आला! इश्वर आला!"

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या. दंडारीवाल्यांनी ढोलकी लावली. नळावरच्या त्याच बाया पुढे येऊन मुंग्यांकडे निरखून पाहत म्हणाल्या, "पोरगा वाळला हो बाई." गिरजाबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी टीव्हीला ओवाळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हसावं की रडावं ते मला कळेना; मी दोन्ही केलं. तेवढ्यात मुंग्या गेल्या आणि गव्हाचा माणूस परत आला. त्याला गावानं "हट" म्हणून हाकलून पाहिलं.

आता ताटातलं निरांजन पेटलेलं, आणि भाऊबीजेचा दिवस. गिरजाबाईंना भाऊ नव्हता. शेजारी खुर्चीवर गुरुजी बसले होते, तोंडात चिवडा. ते हां हां म्हणेपर्यंत बाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं.

गुरुजी ताडकन उठले. "बाई, हे काय करून राहिल्या? मी संपादक हाय!"

ताटात त्यांनी काही टाकलं नाही. परतीच्या वाटेवर सायकलवरून मला सारखं समजावत राहिले, ओवाळणी टाकली नाही म्हणजे नातं झालं नाही. कपाळावरचं कुंकू मात्र पुसायचं विसरले होते.

दुसऱ्याच दिवशी लेख आला. गुरुजींचा चेहरा खुलला होता. केंद्राला स्वतःची निर्मिती सापडली होती! दिल्ली त्या वेळी चालूच होती. थांबवलं ते इथे. म्हणजे प्रक्षेपणात पडलेला तो खंड शंभर टक्के स्थानिक. त्यांनी अगदी तटस्थपणे लिहिलं होतं: "केंद्राचा पहिला स्वनिर्मित कार्यक्रम भाऊबीजेस सादर झाला. स्वरूप पांढरे. संवाद नाहीत. प्रेक्षकांचा प्रतिसाद उत्स्फूर्त. निर्माते: इश्वर, मुक्काम एकोडी."

"गुरुजी, पोराची नोकरी जाईल ना!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

"निर्मात्याचं नाव देणं नियमानं लागते. माय खूश होईल."

"माय खूश आणि पोरगा घरी!"

त्यांनी ऐकलं नाही. वर आणखी एक नियम काढला: दुसऱ्या बाजूचंही म्हणणं घ्यावं. म्हणून हा सत्यवचनी गृहस्थ एसटीनं नागपूरला केंद्राच्या वरच्या साहेबांकडे गेला आणि त्यांना विचारून आला की तुमच्या केंद्रानं भाऊबीजेला सादर केलेला पांढरा कार्यक्रम तुम्ही कोणत्या प्रकारात धरता.

साहेबांना तो खंड माहीतच नव्हता. आता झाला. चारच दिवसांत एक अधिकारी जीप घेऊन माझ्या दारात. त्यानं लेखाचा कच्चा छाप मागितला, गुरुजींनी भिंतीवर चिकटवून ठेवलेला नियमांचा कागद वाचला आणि मान डोलावली. "उत्तम नियम आहेत. आम्हीही असंच करू. नात्यात नसलेला साक्षीदार मिळाला की त्या मुलाला काढून टाकू."

त्यानं गुरुजींना जीपमध्ये बसवलं, मीही शेजारी चढलो. एकोडी येईपर्यंत गुरुजींनी पोटली छातीशी घट्ट धरली होती.

गिरजाबाईंच्या अंगणात गाव जमलं. इश्वरही होता, खाली मान घालून, अंगठ्यानं माती उकरत. अधिकाऱ्यानं सरपंचांना विचारलं, "भाऊबीजेला टीव्ही बंद पडला होता?"

"नाही बाप्पा," केवळराम म्हणाले. "गहू होता. गहूच गहू."

"तुम्ही मुलाचे कोण?"

"काका लागतो."

पुढचा चुलतभाऊ निघाला. त्याच्या पुढची आत्या. एक म्हातारा आजा निघाला, तर त्याच्या काखेतलं लेकरू इश्वरचा काका. अधिकाऱ्याला वाटलं, सगळे थापा मारताहेत. पण गावनात्यानं ते सगळं खरंच होतं. आमच्या गावांत बिननात्याचा माणूस हवा असेल तर बाहेरूनच आणावा लागतो. आणि त्यानं तर बाहेरून आणलाच होता.

मीही तिथे होतो हे त्याला ठाऊक नव्हतं; तो गुरुजींकडे वळला. "गुरुजी, तुम्ही स्वतः पाहिलं. लिहिलंही. तुम्ही तर यांच्या नात्यात नाही?"

इश्वरनं मान वर केली. गिरजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, नुसत्या पाहत राहिल्या. मी गुरुजींकडे पाहिलं. या माणसानं अकरा वर्षं कोणाचं पाणी घेतलं नव्हतं. त्याला खोटं बोल म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं बोल म्हणायची तर त्याहून नव्हती.

गुरुजींनी चष्मा काढला.

"बाई," ते म्हणाले, "ताट आणा."

"कोणतं ताट?"

"ओवाळणीचं. रिकामं राहिलं होतं."

ताट आलं. गुरुजींनी चिवड्याची पोटली कपाळाला लावली आणि त्या ताटात ठेवली. मग अधिकाऱ्याकडे वळून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "इश्वर माझा भाचा आहे. ही माझी बहीण. नात्यातल्या माणसाची साक्ष धरता येत नाही, आणि नात्यातल्या माणसानं लिहिलेला लेख रद्द होतो. नियम तुम्ही वाचलेच आहेत."

अधिकारी पोटलीकडे पाहत राहिला. "अहो, हे आत्ता झालं!"

"ओवाळलं भाऊबीजेलाच. दोन साक्षीदार देतो," गुरुजी म्हणाले.

"पण तेही नात्यातलेच असणार ना!"

"असणारच," गुरुजी म्हणाले.

जीप गेली. इश्वरनं गुरुजींचे पाय धरले. गिरजाबाई आत गेल्या आणि भात, वरण, वांग्याची भाजी वाढून आणली. चिवडा तर आता गुरुजींचा राहिला नव्हता. त्यांनी पहिला घास घेतला, आणि मी पाहिलं, ते रडत होते आणि आणखी भात मागत होते.

मी लेखाचे खिळे सोडून पुन्हा खणात टाकले. पण शीर्षक जुळवलेलं होतं आणि गुरुजी ते काढू देईनात. जिल्ह्यात गोष्ट घडली, शीर्षक हवंच. म्हणून कोशात 'ट'मध्ये आजही हे एवढंच आहे: "टीव्ही केंद्र. संपादक या केंद्राचे मामा असल्यामुळे लेख दिलेला नाही."

कोश निघाला तेव्हा पहिली प्रत घेऊन मी एकोडीला गेलो. इश्वरचं नाव त्यात नाही, हे कसं सांगावं या विचारात होतो. गिरजाबाईंनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली. मग मला हाताला धरून नळावर घेऊन गेल्या आणि बायांना म्हणाल्या, "आयका. टावरचा मामा म्हंजे माहा भाऊ. त्यानं छापून देलं."